पात्याचं टोक

दादा,

फ्रिजमधला हिरवा ग्लास पिऊ नकोस. तोंडसुद्धा लावू नकोस.

पालक, केळं, सफरचंद, रोजचंच होतं. तिघांचे ग्लास भरले आणि भांडं धुवायला घेतलं, तर मिक्सरच्या पात्याचं एक टोक जागेवर नाही. नखाएवढा तुकडा असेल. माझा ग्लास गाळून पाहिला, काही नाही. तुझाही गाळला, त्यातही नाही. पण घाईघाईत गाळलं, माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा नाही. तू उजेडात नीट गाळ, चहाच्या गाळणीने. बोट घालू नकोस, चमच्याने चाचप. सिंकची जाळी आणि केराचा डबाही बघ. सापडला की लगेच फोन कर. तुझा फोन कामावर लॉकरमध्ये असतो, म्हणून ही चिठ्ठी.

बाबांनी त्यांचा ग्लास संपवलाय.

पातं खडखडतंय असं तू म्हणाला होतास, मीच उडवून लावलं. आणि बाबा रोज सांगतात, गाळून दे, चोथा चघळायला मी काय म्हैस आहे? आज मला कंटाळा आला. मिक्सरच पुन्हा पुन्हा फिरवला आणि गाळलंय म्हणून ठोकून दिलं.

त्यांना मोठ्या दवाखान्यात नेतेय. साखर तपासायला, असं सांगितलंय. तूही तेच सांग. पोटात दुखतंय का विचारलं तर हसले. आता चपला घालून दारात उभे आहेत आणि म्हणतायत, "आज किती छान गाळलंस गं, घशाला काही म्हणता काही लागलं नाही."