माझे उपरणे आणि लवूची मुंबई

९ जानेवारी १९५७, बुधवार

उपरणे गेले! तेच – जरीच्या किनारीचे. ज्याने वाईची पंडितसभा पाहिली, नाशकात दक्षिणा स्वीकारली, आणि वार्ताहर झाल्यापासून किती पुढाऱ्यांच्या भाषणांत माझी जांभई झाकली त्यास गणती नाही. अशा विद्वान वस्त्राची आज काय गती? चौपदरी घडी होऊन ते लवूच्या चोळीत बसले आहे. डाव्या बाजूला. उजव्या बाजूला त्याचा स्वतःचा पंचा आहे.

"दोन्हीकडे पंचाच का नाही?" विचारले.

"हृदयाच्या बाजूक जरा बरां कापड नको काय, शास्त्र्या?"

यावर शास्त्रात उत्तर नाही. शोधले.

हेरंबच्या 'ज्वाला कलापथका'त लवू सध्या मुंबई झाला आहे. साक्षात मुंबई! नऊवारीत, नथ घालून. दिल्लीचे पाहुणे मुलगी बघायला येतात. मुंबई पाटावर बसते. ते प्रश्न विचारतात. पाहुण्यांचे आवाजही तोच काढतो. गणपतीत आमच्या फणसवाडीच्या चाळीत केले तेव्हापासून मागणी थांबत नाही. संयुक्त महाराष्ट्र मिळेल तेव्हा मिळो. माझे उपरणे मिळावे.

११ जानेवारी, शुक्रवार

हेरंब आला होता. वय अठ्ठावीस, आवाज घरातही व्यासपीठाचा. "शास्त्रीबुवा, लवूकाकांचा परिचय लिहून द्या. निवडणुकीच्या सभांना वाटायचाय. प्रेरणादायी हवा!"

आता खरे लिहायचे तर असे: जन्म चिंदर, तालुका मालवण. अकराव्या वर्षी घरातून पळून नाटक मंडळीत. सोळाव्या वर्षी नायिका – प्रेक्षकांतल्या बायका याचे बघून पदर घ्यायला शिकल्या. मग खऱ्या बायका रंगभूमीवर आल्या. नायिकेची सखी झाला, सखीची दासी झाला, दासीची म्हातारी झाला. त्या म्हातारीने एका प्रयोगात चुकून लोकांना हसवले. तेव्हापासून विनोदी नट. पुढे मंडळी मिरजेला बुडाली. मी तिथे नटांचे उच्चार सुधारायला होतो, मीही बुडालो. दोघांचे सामान एका ट्रंकेत घालून मुंबईस आलो. त्याला अठरा वर्षे झाली. ट्रंक अजून एकच आहे.

लढाईच्या दिवसांत त्याने गोऱ्या सोल्जरांना हसवले. आता दर शनिवारी फोर्टातल्या एका हॉटेलात कॅबरे. बँड थांबला की हा 'मिसेस परमिट' होऊन येतो – दारूचा परवाना मिळावा म्हणून डॉक्टरपुढे आपण पक्क्या बेवड्या आहोत हे सिद्ध करू पाहणारी गोरी विधवा. लवूला इंग्रजी शब्द येतात चाळीस. त्यांत तो पाऊण तास काढतो. पारशी रडेपर्यंत हसतात.

छापण्यासाठी लिहिले: 'जुन्या रंगभूमीचे निष्ठावंत सेवक. अविवाहित.' हेरंबची भुवई वर गेली. मी खोडून 'ब्रह्मचारी' केले. ते वाचून लवू इतका हसला की शेजारच्या राधाबाईंनी भिंत ठोकली.

१४ जानेवारी, सोमवार

संक्रांत. राधाबाईंनी हळदीकुंकवाला बोलावून लवूला वाण दिले – नेहमीप्रमाणे. मला दिले नाही – नेहमीप्रमाणे.

२० जानेवारी, रविवार

परळ, कामगार मैदान. मुंगीला वाट नाही. पाळीवरून थेट आलेली माणसे, केसांत गिरणीचा कापूस तसाच. बायका पोरांना कडेवर घेऊन. लवू पाटावर बसला, नजर खाली.

"मुलीला स्वयंपाक येतो ना?"

"येतो की. तीन पाळ्यांत रांधते. जेवतात दुसरे."

"माहेर कुठलं?"

"हेच. सासरही इथंच आणून बसवलंत तुम्ही."

हशा! टोप्या उडाल्या. मग पाहुणा म्हणाला, "जरा चालून दाखव बघू." मुलगी लंगडी नाही ना, हे बघतात तसे. लवू उठला. चार पावले टाकली. थांबला.

"चालले होते पंचावन्न साली. फ्लोरा फाउंटनपर्यंत."

बस. पुढे काही नाही. पदर सारखा केला आणि खाली बसला. माझ्या पुढच्या म्हाताऱ्याने टोपी काढून हातात घेतली.

कचेरीत येऊन बातमी लिहिली: 'एका कलावंताने मुंबईची व्यथा परिणामकारक रीतीने मांडली.'

२१ जानेवारी, सोमवार

लवूने चहा पिता पिता बातमी वाचली.

"अठरा वर्सां मी आपलो 'एक कलावंत'. माझां नाव तुझ्या टाकात मावणा नाय काय रे?"

म्हटले, जागेचा अभाव. वृत्तपत्रात जागेचा नेहमीच अभाव असतो.

२५ जानेवारी, शुक्रवार

एक हस्तपत्रक फिरते आहे. छापणाऱ्याचे नाव नाही. शाई पुसट, हेतू ठळक. 'यांची मुंबई कोणाच्या खोलीत नांदते? फणसवाडीत जाऊन विचारा!'

हेरंब ते घेऊन आला. खुर्चीच्या कडेवर बसला, जणू मागची जागा तापलेली होती.

"आम्हाला काहीच वाटत नाही हो, शास्त्रीबुवा. पण लोक..."

"लोक म्हणजे कोण?"

बराच विचार करून म्हणाला, "म्हणजे... आम्हीच."

प्रामाणिक मुलगा आहे.

त्याने उपायही आणला होता: लवूचे लग्न. मतदानाच्या आधी ठरले तरी पुरे. विवाह हा सोळा संस्कारांपैकी एक, हे मला ठाऊक होते. प्रचारसाहित्यापैकी एक आहे, हे नव्हते. स्थळ तयार – सुभद्राबाई, शाळेत शिक्षिका, वय छत्तीस, विसाव्या वर्षी वैधव्य आलेले, परळला भावाकडे राहतात.

"आणि नाय केला तर?" लवूने विचारले.

"तर... मुंबईचं काम दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल, लवूकाका."

हॉटेलात लोक लवूकडे बघतात ते पेल्याच्या काठावरून. मैदानात माना वर करून बघतात. तीस वर्षे वाट पाहिली त्याने त्या मानांची.

"बघूक काय जाता?" शेवटी म्हणाला. म्हणाला हेरंबला, बघत होता माझ्याकडे.

मी म्हणालो, "अवश्य. मीही येतो. पोहे मिळतील."

२८ जानेवारी, सोमवार

लवूचे लग्न झाले तर: खोली ऐसपैस होईल. आरसा दाढीला मोकळा मिळेल. पावडरीचा वास जाईल. पुस्तकांवर गजरे वाळणार नाहीत. उपरणे परत येईल. चांगलेच आहे.

चांगलेच आहे.

३ फेब्रुवारी, रविवार

परळला जाऊन आलो. जे झाले ते कोणाला सांगितले तर विश्वास बसणार नाही. म्हणून इथे लिहितो.

सुभद्राबाईंचा भाऊ दत्ताराम, गिरणीत कारकून, अगत्याचा माणूस. आम्हा तिघांना सतरंजीवर बसवले. मी, हेरंब, मध्ये लवू – माझ्या कोटात, घाम पुसत. हजारो माणसांपुढे न डगमगणारा माणूस पाच जणांच्या खोलीत कोटाची बटणे मोजत होता! पडदा हलला. सुभद्राबाई पोह्यांचे तबक घेऊन आल्या. तबक जड, हात किंचित हलला.

लवू उठला. विचार करून नव्हे – पडदा हलला की उठायचे, ही सवय. तबक त्यांच्या हातातून घेतले, आम्हाला बश्या दिल्या – मोठ्या माणसाला आधी – मग हात डोक्याकडे गेला, नसलेला पदर सारखा केला, आणि हा समोर मांडलेल्या पाटावर नजर खाली घालून बसला! पायाच्या अंगठ्याने सतरंजीची दशी कुरतडत.

दत्तारामने बहिणीसाठी अशा पुष्कळ बैठका पाहिलेल्या. त्याच्याही तोंडून सवयीनेच गेले, "नाव काय?"

"लवू," मुंबई लाजून म्हणाली.

मग सुभद्राबाई हसल्या. तोंडावर हात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पाटावर जागा उरली नव्हती, म्हणून लवूच्या रिकाम्या जागी, माझ्या शेजारी, येऊन बसल्या.

"हे सातवं स्थळ," मला हळूच म्हणाल्या. "तबक जड असतं हे पहिल्यांदाच कुणाच्या लक्षात आलं."

मला काहीतरी बोलणे भाग होते. आणि मी घाबरलो की संस्कृत बोलतो. लग्नाआधी त्या थोडे संस्कृत शिकल्या होत्या; एका सुभाषिताचा दुसरा चरण त्यांनी पुरा केला. झाले! मी सुटलो. अर्धा तास. अन्वयासकट. पाटावर लवू बसून होता, हे विसरलो.

तेवढ्यात दत्तारामने विचारले, "आणि आपण मुलाचे कोण?"

साधा प्रश्न. कोणीही विचारील.

"शेजारी," मी म्हणालो.

लवूने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली.

येताना ट्रामात कंडक्टर आला. लवू खिडकीबाहेर बघत म्हणाला, "शेजारी, तिकीट काढा."

१० फेब्रुवारी, रविवार

हेरंब पेढे घेऊन आला. "होकार!"

लवूने त्याला बसायला सांगितले आणि स्वतः उभाच राहिला.

"पण लवूकाका, तुमचं नाही हो. सुभद्राताई म्हणतात, लवूकाकांमुळे त्या कितीतरी वर्षांनी हसल्या. पण पसंत आहे ते शास्त्रीबुवांचं स्थळ!"

माझ्या तोंडात पेढा होता.

"जातीचंही विचारलं मी. दत्ताराम म्हणाला, महाराष्ट्र एक करायचा म्हणता ना, मग घरापासून करू. आणि गंमत अशी, की काम तेच होतं! दोघांतल्या एकाचं लग्न झालं की पत्रकाला उत्तर मिळालं. लवूकाका मुंबईचं काम करत राहतील. मी बोललोय सगळ्यांशी."

तोंडात पेढा असल्यामुळे नाही म्हणता आले नाही, असे मी स्वतःस सांगतो आहे. पेढा गिळल्यावर तोंड मोकळे होते. तेव्हा म्हणालो, "विचार करून सांगतो."

लवू हसला. मोठ्याने, पुष्कळ वेळ. राधाबाईंनी भिंत ठोकली नाही.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

विचार चालू.

१३ फेब्रुवारी, बुधवार

सुभद्राबाईंची चिठ्ठी, शाळेच्या शिपायाहाती. त्या सुभाषिताचा तिसरा चरण विचारला आहे. अक्षर सुंदर. त्या बिचारीने काय वाईट केले आहे कोणाचे? उत्तर लिहायला घेतले. लवू साडीच्या निऱ्या घालत होता. "शाई भर टाकात," एवढेच म्हणाला.

१७ फेब्रुवारी, रविवार

उपरणे मिळाले. उशाशी होते – रिठ्याने धुतलेले, घडी घातलेले, जरीची किनार वर. "बोहल्यार लागतला तुका," लवू म्हणाला आणि लालबागच्या प्रयोगाला निघून गेला. आज डाव्या बाजूला त्याने काय घातले होते, कोण जाणे. मी मागे, गर्दीत उभा होतो.

बातमी लिहिली: 'श्री. लवू चिंदरकर यांनी –' वाचले. खोडले. 'एका कलावंताने' असे लिहिले. जागा होती. अर्धा रकाना रिकामा होता.

हेरंब उद्या उत्तरासाठी येणार. लवू जाईल, या भीतीने पंधरवडाभर नीट झोप नव्हती. ते इथे लिहिले नाही, उपरण्याचे लिहिले. लवू कुठे जात नाही. मी हो म्हणेन, याची भीती वाटते.