यार्नोचा भुताचा सिनेमा

प्रिय हेली,

तुझ्या नवऱ्याला, त्या यार्नोला सांग, माझ्या वाफेच्या सौनाघराच्या फळ्या अजून लालच आहेत. रक्त म्हणून बादलीभर रानबेरीचा रस ओतलात, आणि खरवडायचं कुणी? मी! भुताचा सिनेमा काढायचा तर स्वतःच्या घरात काढावा. पैसे नाहीत म्हणून जागा माझी, जेवण माझं, बायकोला छळणारं नवऱ्याचं भूत तो स्वतःच, आणि बायको तू. सगळं फुकटात.

परवा गावच्या हॉलमध्ये दाखवला. तू आली नाहीस, सर्दी म्हणे. लोक घाबरायच्या जागी हसत होते. भुताची दाढी सुटली तेव्हा म्हातारा ओन्नी ओरडला, "अरे, आधी दाढी चिकटव, मग बायकोवर धावून जा!" मीपण हसले. मग तो तुला सौनाघरात कोंडतो आणि तू पाठमोरी दार बडवतेस, तेव्हा मात्र हसणं थांबलं. तुझ्या पाठीवर, दंडांवर निळेपिवळे वळ.

नंतर कॉफी पिताना मी तुमची रंगरंगोटी करणाऱ्या मार्केत्ताला म्हटलं, "बाई, केस कापतेस तशी वळही झकास काढतेस. अगदी खरे वाटले." तर ती म्हणाली, "मी फक्त तोंड रंगवलं गं. पाठीपर्यंत रंग कुठला पुरायला!" यार्नो शेजारीच उभा होता. "ते दुसऱ्या बाईनं केलं," म्हणाला आणि पाव तोंडात कोंबून सटकला. दुसरी बाई कुठली? तुम्ही चौघं होतात, त्यात बायका तू आणि मार्केत्ता दोघीच, चौघांनाही मीच जेवायला वाढलंय.

तेव्हापासून डोळ्याला डोळा लागलेला नाही. पोरी असल्यापासून दर शनिवारी आपण दोघी वाफेत बसायचो, अंगावर चिंधी नाही, एकमेकींपासून लपवायचं काय होतं? लग्न झाल्यापासून तू एकदाही आत आली नाहीस. कधी डोकं दुखतं, कधी छातीत धडधडतं. मला वाटायचं, शहरात जाऊन नखरे शिकलीस.

हे पत्र घरी पाठवत नाही, तू स्वयंपाक करतेस त्या शाळेत पाठवतेय. त्याच्या हाती लागायला नको. मागची खोली झाडून ठेवलीय, चादर घातलीय. का, कसं, कधीपासून, ते नंतर बघू. यायचं की नाही, एवढंच सांग. शुक्रवारी दुपारपर्यंत कामावरूनच फोन कर. फोन आला नाही तर मी 'हो' समजेन, आणि शनिवारी सकाळी गाडी घेऊन तुझ्या दारात उभी राहीन. तो घरी असला तर असू दे.

तुझीच,
मेर्वीताई