एबेनेझर अंकलचं उकुलेले माझ्यामागे कुणाला, आणि कसं

मी, एस्तेर नोहेआ कालुआ, कै. जोसाया कालुआ यांची पत्नी, वय वर्षे त्र्याहत्तर, राहणार होओलेहुआ, बेट मोलोकाई, आज माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, कुणीही गळ घातलेली नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी काही देणंघेणं नसतं. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. कुणी दाखवलाच, तर तो माझ्या नणंदेने, विल्हेल्मिनाने, बनवला आहे असं खुशाल समजावं.

कलम १. घराखालची जमीन माझ्या मालकीची नाही. ती आम्हा हवाईयन लोकांसाठी राखलेली, कराराने मिळालेली आहे, आणि तिचा वारस कचेरीत नोंदवावा लागतो. मी मुलाचं, एलायजाचं, नाव नोंदवलं आहे. ही जमीन सोडून दुसरीकडे राहायला गेलं की ती हातची जाते, म्हणजे एलायजाही इथेच अडकला. पण त्याला डुकरं आणि रताळी मनापासून आवडतात, त्यामुळे त्याच्या ते अजून लक्षात आलेलं नाही. कुणी लक्षात आणून देऊ नये.

कलम २. ट्रक, मासेमारीची जाळी आणि तारोचे कंद कुटायचा दगड एलायजाला. मी शिवलेल्या गोधड्या मुलीला, माहेआला. ती म्हणेल, लास वेगसच्या वाळवंटात गोधडीचं काय करू? तिकडे घराघरात एसी फार लावतात असं मी ऐकते. ऐकतेच फक्त. मी तिच्या घरी कधी गेले नाही. का, ते कलम ४ मध्ये आहे.

कलम ३. माझं पहिलं उकुलेले, म्हणजे चार तारांची छोटी गिटार, विल्हेल्मिनाला. प्लायवुडचं, वर ताडाचं झाड रंगवलेलं, आणि खुंट्या अशा सैल की एक गाणं संपेपर्यंत तारा उतरलेल्या. शिकणाऱ्याला पुरे म्हणून वडिलांनी ते होनोलुलूहून आणलं होतं. मला ते पुरलंही. मग माझी बोटं त्याच्या पुढे गेली. वरच्या पट्ट्यांवर ते बेसूर व्हायचं आणि छेडलेला सूर ठक्कन मरायचा. विल्हेल्मिनाने त्याची हवी तेवढी वाहवा करावी. ते कुणाला अडकवत नाही.

कलम ४. आता एबेनेझर अंकलचं उकुलेले. अंकल नात्यातले नव्हेत, चर्चमधले वडीलधारे म्हणून अंकल.

आमच्या घरी लहानपणी चापट खाऊन शिकलेली गोष्ट अशी, की दुसऱ्याच्या वस्तूची त्याच्या देखत स्तुती करायची नाही. केली, की त्याला ती द्यावी लागते, आणि त्याने दिली की आपल्याला घ्यावी लागते. मला हे चांगलं ठाऊक होतं. पण चांगल्या वाद्यासाठी मी तेव्हा इतकी आसुसले होते की एका रविवारी प्रार्थना संपल्यावर अंकलनी त्यांचं उकुलेले सहज धरायला दिलं आणि मी एक तार छेडली. सबंध कोआ लाकडाचं, मधाच्या रंगाचं. सूर संपेचना.

"काय सुंदर आहे हो अंकल हे!" निघून गेलं तोंडातून.

"तुझंच झालं, बाळ," अंकल म्हणाले. इतक्या झटक्यात म्हणाले की मला तिथेच शंका यायला हवी होती.

पुढच्याच महिन्यात ते मुलाकडे लास वेगसला निघून गेले. ते उकुलेले ज्याच्या हातात, तो चर्चमधल्या पुढच्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर बसतो आणि गाणं उचलतो, ही इथली रीत. रविवार आला, लग्नं आली, मयती आल्या, वर्षाच्या झालेल्या प्रत्येक बाळाची पंगत आली. अंकल स्वतः ऐन तरुणपणी असेच सापडले होते आणि कुणाची तरी जीभ घसरायची वाट बघत बसले होते, हे मला नंतर कळलं. वेगसहून त्यांची कार्डं यायची. जुगाराच्या यंत्रांपुढे उभे, तोंडभर हसू. ती कार्डं मी चुलीत घातली. कुणी शोधू नयेत.

वाद्याबद्दल माझी तक्रार नाही, हे इथे नमूद करते. ते हातात आलं आणि मला पहिल्यांदा ऐकू आलं की मी काय वाजवते आहे. म्हणून तर सुटणं जमलं नाही. वाईट असतं तर कधीच खुर्चीवर ठेवून चालती झाले असते.

माहेआला वेगसमध्ये हॉटेलात नोकरी लागली, तेव्हा जोसायाने आम्हा दोघांची तिकिटं काढली. मी म्हटलं, ईस्टर होऊ दे, वेगस कुठे पळून जातंय? मग कुणीतरी वारलं, मग कुणाचं बाळ वर्षाचं झालं. शेवटी तो एकटा गेला आणि तिथेच छातीत दुखून संपला. माहेआचा फोन आला, तेव्हा मी लोकांच्या बाळासाठी वाजवत होते. निरोप घेऊन आलेला माणूस दारात थांबला, गाणं पुरं होईपर्यंत. त्याला वाटलं मध्ये थांबवू नये. मला आजही ते सहन होत नाही.

आणि या सगळ्या वर्षांत माझ्या उकुलेल्याला कुणी चांगलं म्हटलं? एकाने नाही. सगळे शहाणे झाले आहेत. माझ्या हातात ते असलं की माणसं खिडकीबाहेर बघतात, बुटाचे बंद बांधतात. एकदा अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून आलेली एक पाहुणी मोठ्याने म्हणाली, "किती सुंदर वाद्य आहे हो तुमचं!" सगळ्या चर्चचा श्वास अडकला. मी उकुलेले पुढे केलंसुद्धा. तेवढ्यात विल्हेल्मिनाने तिला दंडाला धरलं.

"चला, चला, तारोची पोई खाल्ली का तुम्ही? संपेल बरं का!" म्हणत तिला बाहेर काढलं आणि परत येऊन माझ्या कानाशी लागली, "वहिनी, परक्या बाईचं धरायचं नसतं हं."

"तू कोण ठरवणार?"

"मग रविवारी वाजवणार कोण? मी?"

कलम ३ मधल्या देणगीचं कारण हे.

आता केहाऊ. एलायजाची मुलगी, माझी नात, वय एकोणीस, लहानपणापासून मला टुटू, म्हणजे आजी, म्हणत माझ्याजवळ वाढलेली. तीही शिकणाऱ्यांच्या साध्या उकुलेल्यावरच वाजवते, आणि ते तिला कधीच कमी पडायला लागलं आहे. ती ज्या सुराकडे बोट नेते तो त्या वाद्यात नाहीच. तिला चांगलं वाद्य हवं आहे, हे बहिऱ्यालाही कळेल. आणि तिला ओरेगॉनच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आहे. मंगळवारचं विमान आहे. गेल्या महिन्यात मी तार बदलत होते, ती शेजारी बसली होती. बघता बघता म्हणाली, "टुटू, हे किती..." मी तिच्या तोंडावर हात दाबला. तिचे दात माझ्या तळव्याला लागले. एक शब्द पुरा होऊ दिला असता तर मी सुटले असते, आणि ती त्या खुर्चीत म्हातारी झाली असती.

म्हणून असं लिहिते: सदर उकुलेले माझ्या मृत्यूनंतर केहाऊला मिळावं. तिने ते मागितलेलं नाही आणि त्याची स्तुतीही केलेली नाही. मेलेल्या माणसाने आपण होऊन दिलेल्या वस्तूबरोबर खुर्ची जात नाही. हे मी पाद्रीसाहेबांकडून कबूल करून घेतलं आहे आणि ते साक्षीदार म्हणून सही करणार आहेत. केहाऊने ते जगात कुठेही न्यावं. चर्चने दुसरी सोय बघावी.

कलम ५. वरचं सगळं सकाळी लिहिलं. जेवणानंतर जे झालं ते इथे जोडणं भाग आहे.

मी हात धुवायला उठले तेव्हा केहाऊ आत आली आणि टेबलावरचा कागद तिने वाचला. भिंतीवरून उकुलेले काढलं, सूर लावला आणि वाजवायला बसली. मी दारात उभी राहून ऐकलं. पोरीची बोटं आणि ते लाकूड शेवटी एकदाची भेटली होती. मला रडू आलं. मग तिने ते माझ्या हातात परत दिलं, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि स्वच्छ म्हणाली,

"टुटू, तुझं उकुलेले किती सुंदर आहे गं."

"गप्प बस! ऐकलं नाही मी."

"किती सुंदर आहे. तिसऱ्यांदा म्हणू?"

"अगं, मंगळवारी तुझं विमान आहे ना?"

"तू जा विमानाने. आत्याकडे जा. रविवारी मी वाजवीन. ओरेगॉन कुठे पळून जातंय?"

माझेच शब्द. त्यांनी माझं काय केलं, ते तिला ठाऊक नाही. मी तिला रागावले, शिव्या दिल्या, पाया पडायची तेवढी राहिले. पण वस्तू द्यावी लागते. ती नाकारणं मला या वयात शिकता येत नाही. मी उकुलेले तिच्या हातात दिलं. ती हसत होती. मी तिला लहानाची मोठी केली, आणि तिने मला सोडवण्यासाठी त्या फासात आपली मान घातली.

म्हणून उद्याबद्दल लिहून ठेवते. उद्या रविवार. केहाऊ त्या खुर्चीत बसेल आणि मी मागच्या रांगेत. पहिलं गाणं संपलं की मी उभी राहीन आणि विल्हेल्मिनाच्या बहिऱ्या कानालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणेन, "काय सुंदर आहे गं पोरी तुझं उकुलेले!" सगळ्या चर्चसमोर तिला ते मला द्यावंच लागेल. ती चिडेल, रडेल. मंगळवारपर्यंत ते पाद्रीसाहेबांच्या कपाटात कुलपात राहील आणि मी तिच्याशी बोलणार नाही. तिला विमानात बसवून देणं ही एलायजाची जबाबदारी. माहेआला कळवावं की आई येत नाही.

पहिल्या वेळी माझ्या तोंडून निसटलं होतं. उद्या मी ते ठरवून म्हणणार आहे.

तेव्हा कलम ४ कुणीही खोडू नये. मी मरेन त्या दिवशी ते उकुलेले माझंच असेल.

सही: एस्तेर नोहेआ कालुआ

वरील मजकूर आम्ही वाचला. लिहिणारीने आमच्यासमोर सही केली. तेव्हा ती शुद्धीवर होती आणि रागात होती.

साक्षीदार: रेव्ह. टिमोथी आलापाई
साक्षीदार: विल्हेल्मिना कालुआ

स्थळ: होओलेहुआ, मोलोकाई
शनिवार, १७ ऑगस्ट २०१९