नळीतली फुंकर

३ मार्च
आले बाई एकदाची! भूमच्या स्टँडवरून केंद्राचे राखणदार लिंबाजींनी मोटारसायकलवर आणलं, मी मागे मांडीवर काचेच्या नळ्यांची पेटी सांभाळत. माळावरचं आमचं केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि गच्चीवर हवा ओढणारा पंप. सहा महिने इथली धूळ गोळा करायची, नळीला आतून तिचा थर द्यायचा, त्यावरून ओझोन सोडायचा आणि धूळ किती ओझोन गिळते ते मोजायचं. वरदला फोनवर सांगितलं, आई धुळीला जेवू घालायला आलीय. माझं पाच वर्षांचं पोर इतकं खिदळलं, की मलाच रडू आलं. लिंबाजींच्या बायकोने, कोंडाबाईंनी, शेंगांची चटणी अशी झणझणीत केली होती की नाकाडोळ्यांतून पाणी आलं. मजेत जाणार हे सहा महिने.

६ मार्च
कुठल्याही धुळीचं काही तासांत पोट भरतं, मग ओझोन जसाच्या तसा बाहेर पडतो. ही धूळ तीन दिवस खातेच आहे! नळी गळत असेल म्हणून सरळ तोंडाने फुंकर मारून पाहिली. पलीकडच्या, हवेचा झोत मोजणाऱ्या यंत्रावर काहीच उमटलं नाही. गळती तर कुठंच नाही. मग माझी फुंकर गेली कुठं? शोधनिबंध पक्का झाला म्हणायचा.

९ मार्च
चटणी मिळमिळीत लागली. मिरच्या महागल्या का, म्हणून कोंडाबाईंना चिडवलं. त्या कायम नाकातोंडावर पदर घेऊन वावरतात. पदराआडूनच म्हणाल्या, "ताई, मिरच्या तेवढ्याच हायेत. तुमच्या आधीच्या राजस सरांनी बी नळी फुंकली हुती. आई गेल्याचा फोन आला, तर उठले न्हाईत. आधी ताट संपवलं." मी हसले. सर्दी असेल.

१२ मार्च
नळी फुटून बोट कापलं. रक्त आलं, दुखलं नाही.
वरदचा फोन. शनिवारी त्याचा बाबा त्याला आठवडाभर इथं सोडणार. तो बोलत होता आणि मी भिंत बघत होते. नंतर घाबरले. अजून घाबरता येतंय तोवर लिहून ठेवते : वरदला इथं येऊ द्यायचं नाही. नळीजवळ तर नाहीच.

१३ मार्च
कालचं वाचलं. अक्षर माझंच. फोन हातात घेतला, पण काय सांगायचं — का नाही यायचं —
कोंडाबाई म्हणाल्या, नंबर द्या, मी सांगते. दिला नाही. कंटाळा आला.

१५ मार्च
वरद आला. गळ्यात पडला. जड झालाय.
त्याला फुंकर मारायची होती. नळी दिली. यंत्रावर काही उमटलं नाही. नोंद केली.

१८ मार्च
वरद गच्चीच्या जिन्यावरून पडला. हात वाकडा झालाय. रडत नाही. बघतोय माझ्याकडे. मी पण —
कोंडाबाई रडतायत. गाडी बोलावलीय, चला म्हणतात. जायला हवं. ताट अर्धं राहिलंय, आधी ते —