चांदणीची चकती

आई, तुझ्या सोऱ्याची चांदणी सापडली. आधी नीट बस आणि मग पुढचं वाच, कारण ती कुठे होती हे कळलं की तू पदर खोचून भांडायला निघशील, आणि आता ते तुला पूर्वीसारखं सोपं नाही.

पण त्याआधी मी सध्या काय करते ते सांगायला हवं. तू होतीस तेव्हा मी भाईंदर पूर्वेला एका कारखान्यात ड्रॉइंग करायचे आणि तू सगळ्यांना ‘ती कॉम्प्युटरवर असते’ एवढंच सांगायचीस, जणू मी दिवसभर त्याच्यावर चढून बसते. ती नोकरी मी सोडली. आपल्या मोरव्यात गावकीची भांडी ठेवायची खोली होती ना, लग्नाचे टोप, कढया आणि पाट ठेवायची? आता लग्नाला केटरर सगळं घेऊन येतो, नवरानवरीला उचलून आणायचं तेवढं बाकी ठेवतो. त्यामुळे खोली उंदरांकडे होती. ती मी गावकीकडून मागून घेतली आणि तिथे सगळ्यांसाठी एक कार्यशाळा थाटली. कोणीही यावं, शिकावं, आपली वस्तू आपण बनवावी. एका कंपनीने यंत्रं दिली. लेझरने लाकूड कापणारं एक, पितळ कोरणारं एक छोटं, आणि एक प्रिंटर. हा प्रिंटर कागदाचा नव्हे. प्लास्टिकची तार आत जाते, वितळते, बारीक तोंडातून बाहेर पडते आणि यंत्र तिची वेटोळी एकावर एक रचून वस्तू उभी करतं. तुला बघताक्षणी कळलं असतं. सोऱ्याच तो, फक्त विजेवर चालतो आणि फराळ देत नाही. तू मला सोऱ्याच्या दांड्यापाशी बसवायचीस आणि ‘घाई करशील तर तुटेल’ म्हणून डोक्यात टपली मारायचीस. तेच वाक्य मी आता येईल त्याला ऐकवते, टपली मात्र मारता येत नाही.

उद्घाटनाला कंपनीच्या साहेबांनी ‘इथून नवे शोध लागतील’ असं भाषण केलं, रिबीन कापली, फोटो काढले आणि ते गेले. दुसऱ्या दिवशी मागच्या टॉवरमधले एक गुजराती काका मिक्सरचा तुटलेला कपलर रुमालात बांधून आले. म्हणाले, “बेटा, सर कहाँ हैं?” मी म्हटलं, “सर मैं ही हूँ.” ते जरा थांबून म्हणाले, “हाँ, वो तो ठीक है, लेकिन कोई होगा ना?” तेव्हापासून मिक्सरचे कपलर, कुकरच्या मुठी, पडद्याच्या दांड्यांची टोकं आणि केकवर खोचायचे ‘हॅपी बर्थडे’ यांत दिवस जातोय. नवा शोध काही लागलेला नाही, पण मोरव्यात बंद मिक्सर शोधून सापडणार नाही.

नियम मी एकच लावला, आणि तो तुझा होता. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही. मला म्हणायचं होतं, इथून काही घेऊन गेलात तर काही ठेवून जा, म्हणजे शिकलात ते दुसऱ्याला शिकवा, घरात पडलेला लाकडाचा तुकडा आणून द्या, निदान केर तरी काढा. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंसुद्धा, ‘रिकाम्या हाताने परत जाऊ नये’. लोकांनी तुझाच अर्थ घेतला. टेबलावर थेपले, चिवडा आणि रव्याचे लाडू यायला लागले. लाडवांमागून मुंग्या आल्या आणि प्रिंटरच्या पोटात वस्ती करून राहिल्या. शेजारच्या तारोडी गावच्या एका बाईंनी प्रेमाने सुके बोंबील आणले आणि नेमके लेझरच्या पंख्यापाशी ठेवले. त्या दिवशी कापलेल्या प्रत्येक लाकडाला तो वास बसला. गुजराती काकांनी हौसेने दारावरची पाटी करून घेतली होती. त्यांची सोसायटी पूर्ण शाकाहारी आहे. त्यांनी कितीतरी दिवस पाटी गच्चीवर उन्हात ठेवली आणि मग दाराला लावली, पण माझ्याकडे यायचं काही सोडलं नाही.

तर असं बरं चाललं होतं, फक्त खोली कायमची नव्हती. गावकीने ‘दिवाळीपर्यंत चालवून दाखव’ म्हणून दिली होती. गावातल्या पोरांना तिथे जिम हवी होती. खोली गेली असती तर कंपनी यंत्रं उचलून नेणार होती, आणि मी तर नोकरीवर पाणी सोडून बसले होते. आणि गावकीचा अध्यक्ष कोण, तर आपल्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या काकीचा थोरला. नाव काढलं तसं तुझं तोंड वाकडं झालं असणार. पण वाच.

तो सोऱ्या तुझा जीव की प्राण. तुझ्या माहेराहून, घोडबंदरहून आलेला, पितळी, उचलताना हात भरून येईल असा. दिवाळी आली की तो आळीत घरोघर फिरायचा आणि प्रत्येक घरातून ताटलीभर चकल्या घेऊन परत यायचा. तू एकेक चकली मोडून बघायचीस आणि ‘मोहन कमी’, ‘हिला भाजणीच कळत नाही’ असे निकाल द्यायचीस. चांदणीचा एक दात किंचित वाकडा होता, त्यामुळे आळीतल्या प्रत्येक चकलीवर एका बाजूने बारीक रेघ असायची. मग एका दिवाळीला सोऱ्या काकीकडून परत आला. शेवेच्या चकत्या होत्या, पापडीची होती, चांदणी नव्हती. काकी म्हणाली, मी दिली. तू म्हणालीस, “मग काय उडून गेली?” आणि तिथून तुमचं बोलणं बंद झालं.

एवढ्याशा भिंतीतून तुम्हाला एकमेकींची फोडणी ऐकू यायची, पण निरोप मात्र माझ्यामार्फत. तुमच्यामध्ये उभं राहून मी ‘आई म्हणते, नळ आलाय’ असं सांगायचे, आणि तो काकीने आधीच ऐकलेला असायचा. तू नवी चकती घेतली नाहीस. ‘माझी आहे ती येऊ दे’ म्हणून हटून बसलीस आणि त्या वर्षापासून भाजणी हाताने वळून वेटोळी घालायला लागलीस. गुळगुळीत, बिनकाट्याची. पाहुणे म्हणायचे, “वहिनी, कडबोळी छान झालीत.” तू म्हणायचीस, “चकल्या आहेत त्या.” आणि ते वादात न पडता आणखी एक उचलायचे. काकीकडून फराळ यायचाच, ते कधी थांबलं नाही, पण दर दिवाळीला फक्त शंकरपाळे. चकली कधीच नाही. तुला वाटायचं, ती तुला डिवचते.

यंदा दिवाळीच्या तोंडावर, एका दुपारी, काकी कार्यशाळेत आली. आता कमरेत वाकलीय, पण आवाज तोच. पदराची गाठ सोडली आणि टेबलावर चांदणी ठेवली. वाकडा दात मी लांबूनच ओळखला. ती म्हणाली, “अशीच एक बनव. ही तुजे आयसची हाय. तिची तिला परत करायची हाय.”

मी म्हटलं, “मग करा ना परत.”

“मंग मी चकल्या कशानं करू?”

मला हसावं की रडावं कळेना. कुठे होती म्हणून विचारलं, तर म्हणाली, भाजणीच्या डब्यात, तळाला. त्याच दिवाळीला सापडली होती, तुमचं भांडण ताजं असतानाच. “मग तेव्हाच का नाही दिलीत?” तर म्हणाली, “तुजी आयस बोलली, उडून गेली का. एवढं ऐकल्यावर देऊ? दिली असती तं तीच खरी ठरली असती.” म्हणून तिने काय केलं असेल? ती चांदणी बसेल असा सोऱ्या अख्ख्या बाजारात शोधून विकत घेतला, त्याच्यासोबत आलेली चकती बाजूला टाकून. इतकी वर्षं तिच्या चकल्यांवर तुझी रेघ उमटत होती आणि म्हणून ती आपल्याकडे शंकरपाळे पाठवायची. चकली पाठवली असती तर तू एका नजरेत चोरी पकडली असतीस.

“आताच का आठवलं?” मी विचारलं. मला खरोखर राग आला होता. तू आयुष्यभर हाताने वेटोळी घालत बसलीस ते मी बघितलं होतं. काकीने खुर्ची ओढली आणि बसली. म्हणाली, “माजं आता कवा बोलावणं येईल सांगता येत न्हाय. वर गेलं का तुजी आयस पयलं हेच विचारील. रिकाम्या हातानं कशी जाऊ तिच्यापुढं? तुजेकडं दिली, म्हंजे तिला पोचली.” मी पाणी दिलं, ती प्यायली, आणि तिने टेबलावरचा लाडू उचलून मुंगी झटकून खाल्ला.

मग मी शहाणपणा केला. मला वाटलं, गावकीच्या बैठकीतच ही करामत दाखवावी, म्हणजे खोलीचा प्रश्नच मिटेल. प्रिंटरवर पिवळीधमक चांदणी काढली. बैठकीला काकी पातेलंभर मळलेलं पीठ आणि आपला सोऱ्या घेऊन आली. सगळे खुर्च्या ओढून पुढे सरकले. काकीने दांडा फिरवला, एकदा, दोनदा, आणि फट्‌ झालं. पिठाचा गोळा थेट अध्यक्षांच्या चपलेवर पडला, त्यात पिवळे तुकडे. अध्यक्ष चप्पल झटकत म्हणाला, “यापेक्षा जिमच बरी.” मागे उभी असलेली जिमवाली पोरं लगेच भिंतीची मापं डोळ्यांनी घ्यायला लागली. काकी आधी माझ्यावर घसरली, “पिठाला जोर किती असतो तुना म्हाईत न्हाय? आन प्लास्टिक खायला घालतंस लोकांना?” मग तिने मोर्चा मुलाकडे वळवला. “एकदा तुटलं म्हणून खोली काढून घेतोस? तू धावीला कितींदा बसलास? तवा मी तुना घरातून काढला होता का?”

सभेत कोणीही हसलं नाही, पण सगळ्यांनी एकाच वेळी रुमाल काढले. निर्णय दिवाळीनंतर घ्यायचं ठरलं.

पितळेची करायला मी आधीच बसायला हवं होतं, पण पितळ कोरायला वेळ लागतो आणि मला मिरवायची घाई होती. तू असतीस तर टपली नक्की होती. चांदणी स्कॅन केली, कॉम्प्युटरवर तिची आकृती आखली, वाकडा दात सरळ केला आणि पितळेचा तुकडा लावला. यंत्राने पाती मोडली, मी दुसरी लावली, तीही मोडली. शेवटी चकचकीत, सारख्या दातांची चांदणी हातात आली तेव्हा मला तुझी फार आठवण आली. काकीला नेऊन दिली. संध्याकाळी ती परत घेऊन आली. म्हणाली, “चकली चांगली पडते, पण ही ती न्हाय. रेघ कुठं हाय?” मी म्हटलं, तो दोष होता, मी काढून टाकला. तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तुझ्या फोटोतला तीळ पुसला. “तुना कोनी सांगितला काढायला?” तेव्हा मी पुन्हा बसले आणि सरळ दात मुद्दाम वाकडा करायला घेतला. आई, बरोबर वस्तू बनवणं सोपं असतं. तो एवढासा वाकडेपणा तितकाच वाकडा आणायला माझे हाल झाले.

पण तो आला, आणि काकीने ताडून बघायला नवी आणि तुझी, दोन्ही चांदण्या घरी नेल्या. मग आळीतल्या बायका आपापले सोऱ्ये घेऊन दारात उभ्या राहिल्या. सगळ्यांना रेघेचीच हवी, कारण लहानपणी चकली तशीच असायची म्हणे. दिवाळीनंतरच्या बैठकीत खोली आपल्याकडेच राहिली. जिमला वरचा मजला मिळाला. आता वर वजनं आपटली की खाली लेझरची रेघ हलते, म्हणून आम्ही वेळा वाटून घेतल्यात.

त्याआधी, दिवाळीतच, तुझी चांदणी घरी आली. पाडव्याला काकीने ती ताटलीत ठेवून पाठवली, अर्थातच रिकामी नाही, चकल्यांच्या ढिगावर. निरोप होता, ‘आयसच्या फोटोपुढं ठेव’. मी ठेवली. मग बघावं म्हणून एक खाल्ली. मग आणखी एक. चकल्या इतक्या खुसखुशीत होत्या की दिवे लागेपर्यंत ताटलीत चांदणीच उरली.

ताटली परत करायची होती. तुझा सोऱ्या काढला, चांदणी बसवली, दांडा फिरवला आणि घाई केली. सगळ्या तुटल्या. शेवटी तुझ्यासारखी हाताने वेटोळी घातली, तळली आणि काकीकडे घेऊन गेले. तिने एक उचलली, बोट फिरवून बघितली, मोडली, हळूहळू चावली आणि विचारलं, “तुजे आयसच्या अशाच असायच्या? मना कदी खायला भेटल्याच न्हाय.” फोडणीपासून नळापर्यंत सगळं ऐकायला जाणारी ती भिंत, आणि तिच्यातून एक चकली कधी पलीकडे गेली नाही. मी हो म्हणाले. तिने आणखी एक घेतली आणि उरलेल्या डब्यात भरून ठेवल्या.

हे पत्र मी कुठे ठेवणार नाही, तुझ्या फोटोमागेसुद्धा नाही. चांदणीचं काय ते काकी तिथे आली की स्वतःच सांगेल आणि तुम्ही समोरासमोर भांडाल. मी फाडतेय ते दुसऱ्याच कारणासाठी. तिच्या चकल्या तुझ्यापेक्षा चांगल्या आहेत.