मेजरला ‘बस’ शिकवताना

२ फेब्रुवारी
मेजर आला! धाकटी बहीण आणि मेहुणे सोडून गेले. त्यांच्या नव्या सोसायटीत कुत्रा चालत नाही म्हणे. मी तर कुत्रं दिसलं की रस्ता बदलणारी, आणि आता हे धूड माझ्या शिलाई मशीनखाली! मेहुणे हसले — "ताई, घाबरता काय? ‘बस’ म्हटलं की बसतो. कडक शिस्तीत वाढवलाय." धाकटी खाली बघत पट्टा गुंडाळत राहिली. दमली असेल.

३ फेब्रुवारी
"बस" म्हटलं. गुरगुरला! स्वयंपाकघराचं दार लावून बसले. माझ्याच घरात!

५ फेब्रुवारी
प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. "इतक्यात शिकवू नका. लांब जमिनीवर बसा, त्याच्याकडे बघू नका, चिकनचे तुकडे टाकत राहा. ओरडायचं तर मुळीच नाही."
बसले, जीव मुठीत धरून. त्याचे दात दिसले. पण खाल्लं त्याने.

९ फेब्रुवारी
आज हातातून खाल्लं! मग तुकडा त्याच्या डोक्यावरून मागे नेला — असं केलं की कुत्रा आपोआप बसतो म्हणे. हा बसला नाही. जमिनीला चिकटला, डोळे घट्ट मिटले आणि तिथेच मुतला.
फरशी पुसली. हा माझ्याहून जास्त घाबरलाय. कशाला?

१० फेब्रुवारी
बाई म्हणाल्या, "हात वरून नको, खालून न्या. हनुवटीजवळून." मग — "आधी कुणाकडे होता हो?"
काहीतरी बोलून फोन ठेवला.

१४ फेब्रुवारी
बसला!! मी चक्क रडले. वेडी!

१५ फेब्रुवारी
दोघं आले होते. जिन्यात मेहुण्यांचा आवाज आला मात्र, मेजर पलंगाखाली. "नाटकी आहे लेकाचा," मेहुणे म्हणाले. पंख्याचं बटण दाबायला त्यांनी हात वर केला — आणि शेजारी उभ्या धाकटीने चेहरा झाकला. क्षणभरच. मग केस सारखे केल्याचं सोंग.
मी पाहिलं. मी पाहिलं, हे मेहुण्यांनीही पाहिलं.

१६ फेब्रुवारी
धाकटी फोन उचलत नाही.

१७ फेब्रुवारी
भरदुपारी बेल. धाकटी! एकटी, पायात घरातल्या सपाता. "ताई, माझ्यावरचा राग काढायला ते मेजरला न्यायला येतील. देऊ नकोस."
म्हटलं, "मेजरला नाही. आणि तुलाही नाही."