पोरीच्या डोक्यावर मेणबत्त्या

परभणी, १४ डिसेंबर

ती. राजेश्वरदादा यांना बसवंतरावाचा शरणू शरणार्थी. सोलापुरात थंडी पडली असेल, तुमचा गुडघा कसा आहे? इकडे सगळे खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे आमच्या काळजाचं पाणी झालंय. (फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही, म्हणून पत्र.)

तुमच्या सांगण्यावरून शिवरंजनीला शिकायला स्वीडनला धाडलं. तिथल्या सणांच्या तऱ्हा मी आजवर मुकाट ऐकून घेतल्या. एप्रिलच्या शेवटी होळी पेटवतात, पण पुरणपोळीचा पत्ता नाही. ईस्टरला लेकरं चेटकिणी होऊन दारोदार खाऊ मागतात. जूनमध्ये पानाफुलांचा खांब उभारून चांगली शिकली-सवरलेली माणसं त्याच्याभोवती बेडकासारख्या उड्या मारतात (आपली पोरगीही मारून आली!). तेही गिळलं. पण काल दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला आणि बघतो तर काय, पोरगी पांढऱ्या झग्यात, कमरेला लाल पट्टा, आणि डोक्यावर जळत्या मेणबत्त्या! एखादी नाही, अख्खा मुकुट. मागे पांढऱ्याच झग्यातल्या पोरी, उंच कागदी टोप्या घातलेली पोरं, सगळे गात चाललेले. आणि आपली बया सगळ्यांच्या पुढे. "अगं माय, पोरगी पेटली की वो!" म्हणून तिची आई बसम्मा किंचाळली आणि हातातला तांब्या तिने थेट मोबाइलवर रिकामा केला. मेणबत्त्या विझल्या नाहीत, मोबाइल विझला.

तेव्हापासून तुमच्या बहिणीने अन्नाला हात लावलेला नाही. ज्या केसांना लहानपणापासून तेल चोळलं ते जळाले, असं धरून बसली आहे. दादा, शिवरंजनी तुमच्या शब्दाबाहेर नाही. शिक्षण गेलं चुलीत, तिला परत बोलवा.

आपला,
बसवंतराव

ता. क. शेजारच्या मंजुषाच्या फोनवर आत्ताच शिवरंजनी बोलली. केस जागेवर आहेत. त्या सणाला लुसिया म्हणतात आणि मेणबत्त्या बॅटरीच्या सेलवर चालणाऱ्या होत्या. "आप्पा, हितं दुपारी तीनलाच अंधार पडायलाय. हिवाळा लागला की रोज रडू येतं, तुमाला सांगितलं न्हाई. पोरींनी मलाच पुढं उभं केलं, तवा लय बरं वाटलं," म्हणाली. मी फोन बसम्माच्या हातात दिला.

ता. ता. क. तिला परत बोलवू नका. बसम्मा जेवायला बसली आहे आणि तिचा निरोप तुमच्या शब्दाने पोरीला कळवा: एवढा अंधार असेल तर सेलच्या कशाला, खऱ्याच लाव म्हणावं.